दोन माणसं कमी : पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेतले २८ आणि २९ सप्टेंबर १७८७

६९ सभासदांचं सभागृह. कामकाज चालवायला निदान ४६ जण हजर हवेत. शुक्रवारी, २८ सप्टेंबर १७८७ रोजी दुपारी चार वाजता फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमध्ये हजेरी घेतली, तेव्हा अध्यक्ष धरून ४४ भरले. सकाळी याच सभागृहात ६३ जण बसले होते. मधल्या वेळात १९ जण बाहेर पडले ते परतलेच नाहीत. आणि हे १९ म्हणजे सकाळच्या ठरावाविरुद्ध ज्यांनी मत दिलं, नेमके तेच.

दुसऱ्या दिवशी गणपूर्ती झाली. हवी होती तेवढीच, ४६. कारण रस्त्यावरच्या जमावाने दोन सभासदांना त्यांच्या मुक्कामाच्या जागेतून ओढून आणून सभागृहात बसवलं होतं. त्यानंतर कामकाज रीतसर सुरू झालं, ठराव मंजूर झाले आणि अमेरिकेची नवी राज्यघटना स्वीकारायची की नाही हे ठरवण्यासाठी पेनसिल्व्हेनियात अधिवेशन बोलावण्याचा मार्ग मोकळा झाला.

अमेरिकी इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना बहुतेक वेळा एका परिच्छेदात, थोडी गंमत म्हणून येते. मला ती कामकाजाचं प्रकरण म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. सभागृहाच्या आत त्या दोन दिवसांत लिखित नियम मोडल्याचं दाखवता येणं कठीण आहे. प्रस्ताव मांडला गेला, चर्चा झाली, मतं नावानिशी नोंदली गेली, तक्रारदाराला बोलू दिलं गेलं, त्याच्या मागणीवरही मत घेतलं गेलं. तरीही जे घडलं ते माणसं उचलून आणणंच होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे त्या दोन दिवसांच्या नोंदींत पायरी-पायरीने दिसतं.

सभागृह कसं होतं

पेनसिल्व्हेनियाची १७७६ ची राज्यघटना त्या काळातल्या तेरा राज्यांत सगळ्यात धाडसी समजली जाई. एकच सभागृह. वरचं सभागृह नाही, नकाराधिकार असलेला गव्हर्नर नाही. कारभार पाहायला एक सर्वोच्च कार्यकारी परिषद, आणि १७८७ मध्ये तिचे अध्यक्ष होते बेंजामिन फ्रँकलिन. सभासदांची निवडणूक दर वर्षी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी. सात वर्षांत चारपेक्षा जास्त वर्षं कुणी सभासद राहू शकत नव्हता.

एकाच सभागृहाच्या हाती एवढी सत्ता, म्हणून घटनाकारांनी लगाम लोकांच्या हाती ठेवले. सभागृहाची दारं नीट वागणाऱ्या प्रत्येकासाठी उघडी. सभागृहाचं सत्र चालू असताना कामकाज दर आठवड्याला छापायचं. कुणा दोघा सभासदांनी मागणी केली की मतं नावांसकट नोंदवायची. सार्वजनिक स्वरूपाचं विधेयक असेल तर ते शेवटच्या वाचनाआधी छापून लोकांपुढे ठेवायचं, आणि तातडीची गरज नसेल तर सभागृहाच्या पुढच्या सत्रापर्यंत त्याचा कायदा करायचा नाही. निवडणूक दर वर्षी असल्यामुळे मधे बहुतेक वेळा मतदारांचा कौल येऊन जाई.

आणि गणपूर्ती दोन तृतीयांश. ही १७७६ ची नवी कल्पना नव्हती, विल्यम पेन यांच्या १७०१ च्या सनदेतही हेच प्रमाण होतं. पण ते किती मोठं आहे हे समजायला ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सकडे पाहावं. तिथे तेव्हा ५५८ सभासद होते आणि ४० हजर असले की काम चाले. पेनसिल्व्हेनियाच्या नियमाचा सरळ अर्थ असा, की एक तृतीयांशाहून थोडे जास्त सभासद घरी बसले की सभागृहच उरत नाही. ६९ पैकी २४ गैरहजर राहिले की पुरे. त्या शुक्रवारी सहा जण आधीपासूनच नव्हते. त्यात १९ ची भर पडली आणि बेरीज २५ झाली.

गट दोन होते आणि त्यांची नावं आज वाचताना गोंधळात टाकतात. १७७६ च्या राज्य घटनेचे पाठीराखे ते ‘कॉन्स्टिट्यूशनलिस्ट’. त्यांचा जोर पश्चिमेकडच्या, डोंगरापलीकडच्या जिल्ह्यांत. ती घटना बदलू पाहणारे ते ‘रिपब्लिकन’. फिलाडेल्फिया शहर, व्यापारी आणि बँकवाले त्यांच्याकडे. नवी संघराज्याची घटना आली तेव्हा बहुतेक ‘कॉन्स्टिट्यूशनलिस्ट’ तिच्या विरोधात गेले. पुढे सोयीसाठी मी त्यांना विरोधक आणि बहुमतवाले एवढंच म्हणतो.

बहुमतवाल्यांचे चार मोठे सभासद, अध्यक्ष थॉमस मिफ्लिन, जॉर्ज क्लायमर, थॉमस फिट्झसिमन्स आणि रॉबर्ट मॉरिस, हे नव्या घटनेवर सही करणारेही होते. हे लक्षात ठेवावं लागेल, कारण अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने अकरा दिवसांपूर्वी त्याच इमारतीत त्याच दस्तऐवजावर स्वाक्षरी केली होती.

घाई कशाची होती

१७ सप्टेंबरला फिलाडेल्फियात संघराज्याची नवी घटना लिहिणाऱ्या घटना परिषदेचं काम संपलं. १८ ला ती घटना या विधानसभेत वाचून दाखवण्यात आली. मूळ प्रत न्यूयॉर्कला, काँग्रेसकडे म्हणजे तेरा राज्यांच्या मध्यवर्ती सभेकडे गेली. रीत अशी ठरली होती की काँग्रेसने ती राज्यांकडे पाठवायची आणि राज्यांच्या विधिमंडळांनी लोकनियुक्त अधिवेशनं बोलवायची.

अडचण कॅलेंडरची होती. विधानसभा शनिवारी, २९ तारखेला कायमची उठणार होती. ९ ऑक्टोबरला नवी निवडणूक. काँग्रेसचं पत्र मात्र आलं नव्हतं. बहुमतवाल्यांना भीती होती की निवडणुकीत वारं फिरलं तर? आणि दुसरं, देशातल्या सगळ्यात महत्त्वाच्या राज्यांपैकी एकाने झटपट होकार दिला तर इतरांवर त्याचा दाब पडणार होता. विरोधकांचा हिशेब बरोबर उलटा. पश्चिमेच्या मतदारांपर्यंत ही घटना अजून पोचलीही नव्हती. विल्यम फिंडली ज्या वेस्टमोरलंड जिल्ह्यातून येत, तो राजधानीपासून चारशे किलोमीटरहून लांब, आणि बातमी जायची ती घोड्यावरून. जितका वेळ मिळेल तितकं विरोधकांच्या पथ्यावर पडणार होतं.

शुक्रवार सकाळ

क्लायमर यांनी उठून ठराव मांडले : राज्याचं अधिवेशन बोलवावं, त्याच्या प्रतिनिधींची निवडणूक अमुक दिवशी, अमुक पद्धतीने व्हावी. विरोधकांना हे अनपेक्षित होतं. रॉबर्ट व्हाइटहिल आणि फिंडली यांनी आक्षेप घेतले ते घटनेच्या मजकुरावर नव्हे, पद्धतीवर. एवढ्या मोठ्या विषयाची आधी सूचना नको का? काँग्रेसने अजून घटना आपल्याकडे पाठवलेली नाही. तिच्या आधी उडी मारणं म्हणजे तेरा राज्यांना तेव्हा बांधणाऱ्या संघ-कराराच्या बाहेर जाणं नव्हे का? अधिवेशन कधीतरी बोलावलं जाईल हे फिंडलींनाही मान्य होतं, त्यांचं भांडण वेळेशी होतं.

फिंडली आयर्लंडमधून आलेले, मूळचे विणकर. वाद घालण्यात वकिलांना हार न जाणारे. त्यांच्या विरुद्ध उभे राहिलेल्यांत ह्यू हेन्री ब्रॅकनरिज होते, तेही पश्चिमेचेच, पिट्सबर्गचे. त्यामुळे हा निव्वळ पूर्व-पश्चिम झगडा होता असं म्हणता येत नाही.

इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. क्लायमर यांनी मांडलं ते विधेयक नव्हतं, ठराव होते. विधेयक असतं तर ते छापून लोकांपुढे ठेवणं आणि पुढच्या सत्रापर्यंत थांबणं हे कलम तरी आडवं आलं असतं. ठरावाला ते लागू नव्हतं. राज्याच्या इतिहासातला त्या दशकातला सगळ्यात मोठा निर्णय सगळ्यात कमी अडथळ्यांच्या वाटेने चालला होता. माझ्या मते विरोधकांची खरी तक्रार हीच होती, आणि त्यांनी ती याच शब्दांत मांडली असती तर जास्त टोकदार झाली असती.

मत झालं. अधिवेशन बोलावण्याच्या पहिल्या ठरावाच्या बाजूने ४३, विरोधात १९. तत्त्व मंजूर झालं. तारीख, जागा, निवडणुकीची रीत हे उरलेले ठराव दुपारसाठी ठेवून सभागृह चारपर्यंत उठलं.

ही फट विरोधकांनी ओळखली. तारखेशिवाय अधिवेशन म्हणजे कागदावरची इच्छा. उरलेले ठराव अडवले की सकाळचं मतदान निरुपयोगी. आणि ते अडवायला मतांची गरज नव्हती, फक्त परत न जाण्याची होती.

शुक्रवार दुपार

चार वाजता ४४. अध्यक्षांनी सार्जंट-ॲट-आर्म्सला, म्हणजे सभागृहाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याला, गैरहजर सभासदांना बोलवायला पाठवलं. त्याला फार फिरावं लागलं नाही. सहाव्या रस्त्यावर, स्टेट हाउसपासून हाकेच्या अंतरावर, मेजर अलेक्झांडर बॉइड यांचं घर होतं. पश्चिमेकडचे सभासद तिथे मुक्कामाला असत. सतरा जण तिथेच सापडले.

सार्जंट परतल्यावर अध्यक्षांनी त्याची भर सभागृहात उलटतपासणी घेतली. थॉमस लॉइड नावाचा लघुलेखक बसला होता, त्यामुळे ती प्रश्नोत्तरं आपल्यापर्यंत पोचली आहेत. सभासद दिसले का, तर हो, दिसले. त्याने नावंही घेतली. काय सांगितलंस? तर अध्यक्षांनी आणि सभागृहाने बोलावलंय, असं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, सभागृहच नाहीये. यायला हवं असं कळवलंस का? कळवलं, पण आज दुपारी येता येणार नाही, अजून मनाचं ठरलेलं नाही, असं त्यांचं उत्तर. हे पहिल्यांदा कोण बोललं? व्हाइटहिल.

‘सभागृहच नाहीये’ या उत्तराला मी दाद देतो. ते उर्मट वाटतं, पण कायद्याच्या दृष्टीने चोख आहे. ४४ जण जमले की ते सभागृह नव्हे. ते एका खोलीत बसलेले ४४ सभ्य गृहस्थ. मग त्यांचा हुकूम सभासदावर चालतो कसा? सार्जंट निरोप घेऊन गेला आणि निरोप घेऊन आला. त्याने कुणाला हात लावला नाही. उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला भेटायचं ठरवून उठले.

शनिवार

त्याच शुक्रवारी न्यूयॉर्कमध्ये काँग्रेसने घटना राज्यांकडे पाठवण्याचा ठराव एकमताने केला. पेनसिल्व्हेनियाचे काँग्रेसमधले प्रतिनिधी विल्यम बिंगहॅम यांनी तो खास घोडेस्वाराबरोबर धाडला. सुमारे दीडशे किलोमीटरचं अंतर रातोरात कापून तो शनिवारी सकाळी फिलाडेल्फियात पोचला आणि क्लायमर यांनी तो पटलावर ठेवला. ‘काँग्रेसने अजून पाठवलेलं नाही’ हा सगळ्यात भक्कम आक्षेप त्याबरोबर निकालात निघाला.

सार्जंटला पुन्हा पाठवलं, या वेळी सोबतीला सहायक लिपिक आणि हातात काँग्रेसचा ठराव. हे सहायक लिपिकाचं पद तेव्हा जेकब शॅलस यांच्याकडे होतं. ज्यांनी दोनच आठवड्यांपूर्वी ३० डॉलर मेहनतान्यावर नवी घटना चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात उतरवली, तेच हे शॅलस. ज्या दस्तऐवजासाठी ही धावपळ, तो लिहिणाराच आता गल्लीबोळांतून सभासद शोधत होता.

शोध थोडा हास्यास्पदच झाला. एका सभासदाच्या मुक्कामी मोलकरीण वर जाऊन आली आणि साहेब घरी नाहीत म्हणाली. एकाने या दोघांना पाहताच चालण्याचा वेग वाढवला आणि कोपरा ओलांडून गायब झाला. जे सापडले त्यांनी येत नाही म्हणून सांगितलं. दोन माणसं कमी होती ती कमीच राहिली.

यानंतरचं काम जमावाने केलं. जमाव दोन सभासदांच्या मुक्कामी गेला : फ्रँकलिन जिल्ह्याचे जेम्स मकॅल्मंट आणि डॉफिन जिल्ह्याचे जेकब मायली. विरोधकांनी नंतर काढलेल्या निवेदनानुसार दारं फोडण्यात आली, कपडे फाटले, शिवीगाळ झाली आणि दोघांना रस्त्यातून फरफटत स्टेट हाउसमध्ये आणून तिथे जबरदस्तीने बसवून ठेवलं. जमावाच्या पुढे असल्याचा आरोप ज्याच्यावर झाला तो कॅप्टन जॉन बॅरी, स्वातंत्र्ययुद्धातला नामांकित नौदल अधिकारी.

हजेरी पुन्हा झाली. ४६.

मकॅल्मंट काय म्हणाले, आणि त्याचं काय झालं

प्रकरणाचा गाभा या पुढच्या तासाभरात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मकॅल्मंट उठले. आज सकाळी आपल्याला अनोळखी नागरिकांच्या टोळक्याने बळजबरीने, मनाविरुद्ध इथे आणलं आहे, असं त्यांनी सांगितलं आणि सभागृहाने आपल्याला जाऊ द्यावं अशी विनंती केली.

फिट्झसिमन्स यांचं उत्तर सभ्य आणि बर्फासारखं थंड होतं. या सभागृहाच्या कुणा सभासदाने मकॅल्मंट यांच्यावर बळजबरी केली असेल तर आपण त्याचा निषेध करू, असं ते म्हणाले. पण आता ते इथे आहेत, आणि त्यांना जाऊ दिलं तर राज्याचं काम अडेल. ब्रॅकनरिज आणि इतरांचा रोख तोच : सभासद कसा आला हे पाहणं सभागृहाचं काम नाही. कुणी अन्याय केला असेल तर न्यायालयं आहेत.

मग नियम वाचण्यात आले. हजेरीला उत्तर न देणाऱ्याला अडीच शिलिंग दंड. त्याच्यावाचून गणपूर्ती अडत असेल तर पाच शिलिंग. मकॅल्मंट यांनी खिशातून नाणी काढली आणि म्हणाले, हे घ्या तुमचे पाच शिलिंग आणि मला जाऊ द्या. गॅलरीत हशा पिकला.

हशाच्या आड तर्क मात्र पक्का होता. गैरहजेरीची किंमत नियमानेच ठरवली आहे. ती मी मोजतो. अध्यक्षांनी तो मानला नाही. दंड घेणारा माणूस जागेवर नाही, आणि असता तरी या सभासदाकडून घेण्यासारखं काही नाही, कारण त्यांनी नियम मोडलेलाच नाही. ते हजर आहेत. थोडक्यात, ज्या बळजबरीबद्दल तक्रार होती तिनेच त्यांची दंड भरून सुटायची वाट बंद केली. उचलून आणल्यामुळे ते हजर झाले, आणि हजर झाल्यामुळे गैरहजेरीचा नियम त्यांना उपयोगी राहिला नाही.

मकॅल्मंट उठून दाराकडे निघाले. गॅलरीतून ‘अडवा त्यांना’ असा गलका झाला. दारात माणसं उभीच होती. काही क्षणांत गडबड निवळली आणि ते जागेवर येऊन बसले. लॉइडच्या नोंदीत हे सगळं दोन-तीन ओळींत आहे.

शेवटी अध्यक्षांनी प्रश्न मताला टाकला : मकॅल्मंट यांना गैरहजर राहायची परवानगी द्यावी का? जवळजवळ एकमुखाने नकार.

सगळा खेळ या प्रश्नाच्या शब्दांत आहे. सभागृहासमोर आलेली गोष्ट अशी होती की एका सभासदाला जमावाने पकडून आणलं आहे आणि त्याला बाहेर जाऊ देत नाही. अध्यक्षांनी ती रजेच्या अर्जात बदलली. रजा देणं-न देणं हा सभागृहाचा निर्विवाद अधिकार. त्यावर मत घेणं अगदी नियमाला धरून. पण पकडून आणल्याच्या तक्रारीवर मत घेतलंच गेलं नाही. दारातली माणसं हटवा, असा आदेश निघाला नाही. दारं उघडी ठेवण्याचं कलम लोकांना कामकाज पाहता यावं म्हणून होतं. त्या दिवशी तेच उघडं दार बाहेरून अडवलेलं होतं.

आणखी एक प्रश्न त्या सभागृहात कुणी विचारला नाही, तो मला सुटत नाही. रजेचा प्रश्न मताला टाकायला गणपूर्ती लागते. ती गणपूर्ती मकॅल्मंट आणि मायली यांना धरूनच पुरी होत होती. म्हणजे मकॅल्मंट यांना सोडायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार सभागृहाला मिळाला तो त्यांना धरून ठेवलं म्हणूनच. फिंडली तिथे असते तर त्यांनी हे नक्की बोलून दाखवलं असतं. पण ते असते, तर मुळात हा प्रसंगच आला नसता.

त्यानंतरचं काम भराभर झालं. मकॅल्मंट यांनीही बसल्या जागी चर्चेत भाग घेतला. अधिवेशनाची जागा आणि तारीख बदलण्याचे प्रयत्न केले, ते फेटाळले गेले. निवडणूक नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे ६ तारखेला, आणि अधिवेशन त्याच महिन्यात फिलाडेल्फियात. मग विधानसभा कायमची उठली.

कोण चुकलं

निघून गेलेल्या १९ जणांना पळपुटे म्हणणं सोपं आहे, आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी त्यांना त्याहून वाईट म्हटलं. सभासद म्हणून निवडून आलेल्या माणसाचं पहिलं कर्तव्य बसणं हेच, यात शंका नाही. पण एकच सभागृह, नकाराधिकार नाही, आणि ठरावाला थांबवून धरणारं कलमही नाही, अशा व्यवस्थेत दोन तृतीयांश गणपूर्ती हा अल्पमताच्या हातातला एकुलता एक ब्रेक होता. त्यांनी तो दाबला. त्यांची किंमत नियमात लिहिलेली होती, पाच शिलिंग. ती देण्याची तयारीही एकाने भर सभागृहात दाखवली.

बहुमतवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. काँग्रेसचा ठराव आल्यावर अडवणुकीचं मुख्य कारण संपलं होतं. ४३ विरुद्ध १९ हे काठावरचं बहुमत नाही. १९ जणांनी ६९ जणांचं सभागृह बंद पाडावं हेही कुणाला पटू नये. पण त्यांच्यापुढे दुसरा रस्ता होता आणि तो फक्त दहा दिवस लांब होता : ९ ऑक्टोबरची निवडणूक. ती झाली तेव्हा बहुमत त्यांच्याकडेच राहिलं आणि मिफ्लिन पुन्हा अध्यक्ष झाले. थोडं थांबले असते तर हेच ठराव, कुणाचेही कपडे न फाडता, नव्या सभागृहात मंजूर होऊ शकले असते. अर्थात २९ सप्टेंबरला हे कुणाला माहीत नव्हतं, आणि नव्या सभागृहातही तोच दोन तृतीयांशाचा नियम चालू राहणार होता.

मिफ्लिन यांना मी यातून सोडत नाही. फिट्झसिमन्स पक्षाची बाजू मांडायला उभे होते, त्यांनी ती मांडली. अध्यक्षांचं काम वेगळं होतं. निदान दार मोकळं करून मग मकॅल्मंट यांना तुम्ही बसता की जाता, असं विचारणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी नियमाचं पुस्तक उघडलं आणि दाराकडे पाहायचं टाळलं.

पुढे

विरोधकांपैकी १६ जणांच्या सहीचं निवेदन ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात छापून आलं. त्यात जमावाच्या वागणुकीबरोबरच एक जुनी सलही होती : घटना परिषदेला गेलेले आठही प्रतिनिधी फिलाडेल्फियाचे, ग्रामीण भागाचा एकही नाही. बहुमतवाल्यांपैकी सहा सभासदांनी त्याला छापील उत्तर दिलं. ही वादावादी राज्याबाहेरच्या वर्तमानपत्रांतही पोचली आणि घटनेच्या विरोधकांना आयता दाखला मिळाला.

६ नोव्हेंबरच्या रात्री, प्रतिनिधींच्या निवडणुकीनंतर, जमावाने बॉइड यांच्या घरावर दगडफेक केली. विधानसभेत तक्रार झाली, गुन्हेगारांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झालं, हाती कुणी लागलं नाही. बॅरीवर खटला भरण्याचा आदेश कार्यकारी परिषदेने दिला होता. तोही तडीस गेला नाही. बॅरी डिसेंबरमध्ये ‘एशिया’ नावाचं व्यापारी जहाज घेऊन चीनकडे निघून गेला.

अधिवेशनात ६९ प्रतिनिधी होते. १२ डिसेंबर १७८७ ला घटना ४६ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाली; डेलावेअरनंतर पेनसिल्व्हेनिया दुसरं राज्य ठरलं. पुन्हा ४६, योगायोगच, पण विरोधकांना तो बोचला असणार. व्हाइटहिल यांनी त्याच दिवशी पंधरा दुरुस्त्या मांडल्या, त्या नोंदवूनही घेतल्या गेल्या नाहीत. २३ पैकी २१ जणांनी प्रसिद्ध केलेल्या असहमतीच्या निवेदनात दावा होता की राज्यात सत्तर हजारांहून जास्त मतदार असताना जेमतेम तेरा हजारांनी मत दिलं. २९ सप्टेंबर ते ६ नोव्हेंबर एवढ्या ३८ दिवसांत डोंगरापलीकडे घटना पोचून, तिच्यावर बोलून, मतदानाला जाणं किती जणांना शक्य झालं असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

नोंदींचं नशीबही बघण्यासारखं आहे. विधानसभेतली मकॅल्मंट यांची तक्रार, पाच शिलिंग आणि गॅलरीचा गलका लॉइडने टिपला म्हणून टिकला. अधिकृत इतिवृत्ताचा साचा प्रस्ताव, मतांची यादी आणि तहकुबी यांचा. त्यात नाणी खिशातून काढण्याला जागा नसते. पण हाच लॉइड राज्याच्या अधिवेशनाच्या भाषणांचं पुस्तक १७८८ मध्ये काढतो, तेव्हा त्यात फक्त घटनेच्या बाजूचे जेम्स विल्सन आणि थॉमस मकीन सापडतात. विरोधकांची भाषणं गळली. व्हाइटहिल आणि फिंडली यांना दोनदा गैरहजर ठरवलं गेलं. पहिल्यांदा ते स्वतः गेले होते.

राज्याने १७९० मध्ये नवी घटना केली. एकाऐवजी दोन सभागृहं आली, गव्हर्नरला नकाराधिकार मिळाला, आणि पहिले गव्हर्नर म्हणून निवडून आले थॉमस मिफ्लिन. गणपूर्ती दोन तृतीयांशावरून साध्या बहुमतावर आली. ती झाली नाही तर कमी सभासदांनाही दररोज तहकुबी करता येईल, आणि गैरहजर सभासदांना हजर राहायला भाग पाडण्याचा अधिकार कायद्याने त्यांना देता येईल, अशी तरतूद त्याच कलमात घातली गेली. कोणत्या पद्धतीने आणि किती दंड लावून, हेही कायद्यानेच ठरवायचं होतं. संघराज्याच्या घटनेत, शॅलस यांनी लिहिलेल्या त्या चर्मपत्रावर, काँग्रेसच्या सभागृहांसाठी याच अर्थाचं कलम १७८७ मध्येच होतं.